राणीछाप रुपया मोडीत देण्याआधी: ब्रिटिश काळातील चांदीच्या नाण्यांविषयी सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पेठांमधल्या घराची वाटणी निघाली, की देवघराच्या फडताळातून नाहीतर आजीच्या ट्रंकेतून चांदीचे रुपये बाहेर येतात. कुणाकडे पाच-सात, कुणाकडे बटवाभर. त्याच आठवड्यात ते सराफाच्या काट्यावर चढतात, मोडीच्या भावाने जातात आणि संध्याकाळपर्यंत मुशीत वितळलेलेही असतात. चांदीला चांदीचा भाव मिळाला, तक्रार कशाची, असे वाटू शकते. माझी तक्रार एवढीच आहे, की ते आधी कुणी वाचलेले नसतात. रुपयावर राजा असतो, साल असते, टाकसाळीची खूण असते, आणि कधी कधी एखाद्या ठिपक्याने त्याची किंमत चांदीच्या कितीतरी पट होते. मोड देणे हातातच असते, वितळलेला रुपया मात्र परत येत नाही. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया म्हणजे नेमके कोणते नाणे?

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. सराफाचा जुना तोळा आणि हा रुपया यांचे वजन एकच, म्हणूनच पूर्वी घरोघरी रुपया टाकून सोने तोलत असत. हे वजन पुढे शंभराहून जास्त वर्षे बदलले नाही. चांदीचा कस मात्र १९४० मध्ये उतरला, त्याबद्दल पुढे.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चांदीत रुपयाखेरीज अधेली (आठ आणे), पावली (चार आणे) आणि चवली (दोन आणे) होती. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ आणि चवली जेमतेम १.४६ ग्रॅम. चवली १९१७ पर्यंतच चांदीची होती, नंतर ती तांबे-निकेलची झाली.

१८३५ च्या आधी प्रत्येक इलाख्याचा रुपया वेगळा होता आणि त्यावर नाव मुघल बादशहाचे असे. सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी १८१८ च्या मे महिन्यात घेतला, पण बाजारात पेशवाईतले अंकुशी, चांदवडी असे रुपये त्यानंतरही बराच काळ चालत होते. त्यांचा अभ्यास हा वेगळा विषय आहे. इथे १८३५ ते १९४५ एवढ्याच काळाचे बोलू.

माझ्याकडच्या रुपयावर कोण आहे हे कसे ओळखू? इंग्रजी अक्षरे झिजली आहेत.

चेहऱ्यावरून सहज ओळखता येते.

उघडे डोके, दाढी नाही, साल १८३५ असेल तर तो चौथा विल्यम. मागे वेलींच्या वर्तुळात इंग्रजीत आणि फारसीत 'एक रुपया' असे लिहिलेले असते. त्याच्या मानेच्या कापलेल्या कडेवर अगदी बारीक अक्षरे असतात. 'आर. एस.' असेल तर ते कलकत्ता टाकसाळीचे रॉबर्ट सॉन्डर्स. 'एफ' असेल तर विल्यम नेर्न फोर्ब्स.

मुकुट नसलेली, केस मागे बांधलेली तरुण स्त्री आणि साल १८४० म्हणजे कंपनीच्या काळातली व्हिक्टोरिया. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरे डोक्यावरून सलग फिरतात. दुसऱ्यात 'व्हिक्टोरिया' एका बाजूला आणि 'क्वीन' दुसऱ्या बाजूला अशी ती तुटलेली असतात. सलग अक्षरांचा प्रकार आधीचा. मागच्या वेलीवर बोरांसारखी बारीक फळे असतात आणि जाणकार ती मोजतात, कारण साच्यागणिक त्यांची संख्या बदलते.

मुकुट घातलेली, अंगावर भरजरी वस्त्र असलेली राणी म्हणजे १८६२ आणि त्यानंतरची व्हिक्टोरिया. आपण राणीछाप म्हणतो तो हाच रुपया. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले, म्हणून या नाण्यांवर कंपनीचे नाव नाही, फक्त 'इंडिया' आहे. १८७६ पर्यंत राणीच्या नावापुढे 'क्वीन' आहे आणि १८७७ पासून 'एम्प्रेस'. त्याच १८७७ मध्ये सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली. तेव्हापासून गिरणी कामगारांच्या पगारात जो रुपया फिरला तो या सम्राज्ञीचा.

दाढीवाला, मुकुट नसलेला राजा म्हणजे सातवा एडवर्ड, साल १९०३ ते १९१०. दाढीवाला आणि मुकुट घातलेला म्हणजे पाचवा जॉर्ज, १९११ ते १९२२. दाढी नाही पण मुकुट आहे, असा सहावा जॉर्ज, १९३८ ते १९४५. एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांत गोंधळ होतो तेव्हा फक्त मुकुट पाहा.

साल १८४० आहे म्हणजे नाणे १८४० मध्येच पाडले का?

नाही, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. कंपनीच्या रुपयावरचे साल गोठवलेले असे. १८३५ चे साल असलेला विल्यमचा रुपया १८४० पर्यंत पाडला गेला. व्हिक्टोरियाचा १८४० चा रुपया कंपनीचे राज्य संपेपर्यंत, पुढे १८६२ चा नवा छाप येईपर्यंत त्याच सालाने निघत राहिला. मग १८६२ हे सालसुद्धा १८७३ पर्यंत तसेच राहिले. दरवर्षी साल बदलायची पद्धत १८७४ पासून सुरू झाली.

पण मुंबईच्या टाकसाळीने यावर एक उपाय काढला होता, आणि माझ्या मते ब्रिटिश काळातल्या सगळ्या चांदीत वाचायला सर्वांत रंजक नाणे हेच आहे. १८६२ च्या मुंबई रुपयांवर सालाच्या खाली, आणि काही नाण्यांत वर 'वन' या शब्दाजवळही, बारीक ठिपके असतात. त्या ठिपक्यांची संख्या आणि मांडणी वर्षागणिक बदलत गेली. म्हणजे साल सगळ्यांवर १८६२, पण ठिपक्यांवरून कळते की नाणे प्रत्यक्षात पुढच्या कोणत्या वर्षाचे. एखाद्या घरातून वीस राणीछाप रुपये निघाले आणि सगळ्यांवर १८६२ असले, तरी ते वीस सारखे नसतात. दहापट दाखवणारे भिंग घ्या, खिडकीपाशी बसा, ऊन तिरपे पडू द्या आणि ठिपके मोजा. हे केल्याशिवाय १८६२ चा रुपया कुणालाही देऊ नका.

टाकसाळीची खूण कुठे पाहायची?

मागच्या बाजूला, तळाशी. व्हिक्टोरिया एम्प्रेस आणि एडवर्डच्या रुपयांवर मुंबईची खूण 'बी' हे इंग्रजी अक्षर. ते कधी उठावदार असते, कधी खोदलेले, सालाखाली किंवा तळाच्या फुलात. कलकत्त्याची खूण खोदलेला 'सी', पण बऱ्याचदा काहीच नसते. खूण नसेल तर कलकत्ता धरायचे. पाचव्या जॉर्जच्या वेळी मुंबईने अक्षर सोडून एक उठावदार ठिपका घेतला, कलकत्त्याचे नाणे कोरे. सहाव्या जॉर्जच्या युद्धकाळातल्या नाण्यांवर मुंबईचा ठिपका किंवा छोटा चौकट-हिरा दिसतो. १९४३ मध्ये लाहोरला नवी टाकसाळ सुरू झाली. तिच्या नाण्यांवर 'एल' आहे. अवघ्या चार वर्षांनी ती टाकसाळ पाकिस्तानात गेली.

माझ्या रुपयात चांदी किती आहे? सराफ सांगतो तो हिशोब बरोबर की चूक, हे कसे समजायचे?

हिशोब सोपा आहे. १८३५ ते १९३९ च्या रुपयात ११.६६ ला ०.९१७ ने गुणले की १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी येते. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच, म्हणजे ५.८३ ग्रॅम. त्या दिवशीचा एका ग्रॅमचा भाव या आकड्याने गुणा. सराफ त्यातून गाळणावळ आणि घट धरून थोडे कमी देतो, ते रीतीप्रमाणेच आहे. झिजलेल्या नाण्याचे वजन ११.३ किंवा ११.४ भरले तरी त्यात काही गैर नाही.

१९४० मध्ये कस का उतरला? दुसरे महायुद्ध. लोक नोटा देऊन चांदीचे रुपये घरात साठवू लागले आणि सरकारकडची चांदी आटू लागली. मग नवा रुपया निघाला. त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. नक्कल करणे अवघड जावे म्हणून त्याच्या दातेरी काठाच्या मधोमध एक खाच फिरवली. काठ आडवा धरून पाहा, खाच दिसली तर निम्मी चांदी. मोडीत देताना दोन्ही प्रकार एकाच ढिगात टाकले तर नुकसान तुमचे. त्याच काळात सरकारने जुने पूर्ण कसाचे रुपये एकामागून एक चलनातून काढून परत घेतले, त्यामुळे कोट्यवधी नाणी तेव्हाच वितळली. घरात राहिले ते कुणीतरी जाणूनबुजून मागे ठेवलेले आहेत.

१९४७ चा रुपया चांदीचा नसतो, तो निकेलचा आहे. तो पांढरा दिसतो, पण चुंबकाला लगेच चिकटतो.

खरा की खोटा, हे घरच्या घरी कसे पाहायचे?

पहिले वजन. सोन्याचांदीसाठी मिळतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. दुसरे चुंबक. चांदीला चुंबक ओढत नाही.

तिसरी परीक्षा पाण्याची. तिला थोडी मेहनत आहे, पण नाण्यावर ओरखडाही पडत नाही आणि तिला फसवणे फार कठीण. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा. तो तळाला किंवा कडेला लागता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तो लिहा आणि नाण्याच्या वजनाला त्याने भागा. पूर्ण कसाच्या रुपयाचा आकडा सुमारे १.१३ येतो आणि भागाकार १०.३ च्या आसपास. १९४० नंतरच्या रुपयाचा १.२२ च्या आसपास, भागाकार ९.५. आकडा १.३५ च्या पुढे गेला तर ते पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, वर चांदीचा मुलामा. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर ते आधी हलवून काढा, नाहीतर आकडा चुकतो.

वाजवून बघायची जुनी रीत अजूनही चालते. खरा रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकी मारली की लांबवर झणत राहतो, ओतीव नकली 'टक' करून थांबतो. फरशीवर आपटून मात्र वाजवू नका, काठाला खड्डा पडतो. कसोटीवर घासायलाही देऊ नका. सराफाला कस कळतो, पण नाण्याच्या काठावर किंवा राणीच्या गालावर घासल्याची खूण राहते ती कायमची.

चांदी खरी आहे म्हणजे नाणे खरे आहे असेही नाही. धनत्रयोदशीला सराफ पेढ्यांवर राजा-राणीच्या छापाची नवी नाणी मिळतात. चांदी अस्सल असते, लक्ष्मीपूजनाला ती छानच, पण टाकसाळीशी त्यांचा संबंध नाही. त्यांची अक्षरे मऊ, गोलसर असतात आणि साले कधी कधी अशक्य असतात, जसे एडवर्डच्या चेहऱ्यावर १९१८. १९३९ च्या मुंबईच्या पूर्ण कसाच्या रुपयाबाबत तर विशेष सावध राहा. तो खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही खूप. शेवटच्या ९ भोवतीची जागा भिंगातून पाहा. १९३८ च्या ८ वर काम केलेले असेल तर तिथली पातळी खरवडल्यासारखी दिसते.

रामदरबाराचे किंवा हनुमानाचे ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे आहे, साल १८१८. लाखोंना जाते म्हणतात.

कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. ती देवस्थानांबाहेर, यात्रांत विकली जाणारी टोकन आहेत. देवाची प्रतिमा म्हणून देवघरात ठेवायला कुणाचीच हरकत नाही, पण तिला जुन्या नाण्याची किंमत नाही.

'हे नाणे तांदूळ ओढते' असे कुणी म्हणाले, तर तिथून उठून या. राइस पुलर या नावाने चालणारी ही फसवणूक देशभर वर्षानुवर्षे सुरू आहे. आधी नाणे तपासायची फी, मग शास्त्रज्ञांची फी, मग परवान्याची फी. पैसे गेलेले लोक लाजेने तक्रारही करत नाहीत. कृपा करून करा, पोलिसांकडे करा.

'तुमच्या जुन्या नाण्याला अमुक लाख देतो, आधी नोंदणी शुल्क भरा' असा फोन आला. रिझर्व्ह बँकेचे पत्रही पाठवले.

रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही, विकत नाही आणि त्यासाठी कमिशनही मागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः जाहीर निवेदन काढून लोकांना याबद्दल सावध केले आहे. पैसे आधी तुमच्याकडून मागणारा कुणीही खरेदीदार नसतो.

रुपये काळे पडले आहेत. चिंच-मीठ लावून घासू का?

अजिबात नाही. या संपूर्ण लेखातले एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

चांदीवरचा काळपट, निळसर, कधी सोनेरी थर हवेतल्या गंधकामुळे हळूहळू चढतो. तो नाण्याचे वय सांगतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. चिंच, लिंबू, खाण्याचा सोडा, दंतमंजन, भांडी घासायची पावडर, सराफाकडचे तेजाब, यातले काहीही लावले की तो थर जातो आणि त्याबरोबर नाण्याचा वरचा पापुद्राही. चमक येते, पण संग्राहकाला ती चमक लांबूनच ओळखू येते, आणि ठिपके किंवा बारीक अक्षरे एकदा घासली गेली की परत आणता येत नाहीत. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरचा छोटा हत्ती, राणीच्या मुकुटातले खडे, एडवर्डच्या कानावरचे केस, याच जागांवरून नाण्याची प्रत ठरते आणि घासताना सर्वांत आधी याच जागा जातात.

पूजेतल्या नाण्यांवर हळद-कुंकू आणि तेलाचा राप बसलेला असतो, तो काढावासा वाटणे साहजिक आहे. नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. तेलकटपणा राहिला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवा, आणि ते काम खिडकी उघडी ठेवून, गॅस-निरांजनापासून दूर करा, कारण ॲसिटोन पटकन पेट घेते. नंतर मऊ सुती कपड्यावर ठेवून टिपून घ्या. पुसू नका. जे एवढ्याने निघत नाही ते नाण्यावरच राहू द्या.

आजीच्या गळ्यातल्या माळेचे रुपये आहेत. कड्या काढून टाकू का?

काढू नका. कडी काढली तरी डाक लावलेली जागा दिसतेच, वर तापवल्याने धातूचा रंगही बदलतो. नाणे म्हणून त्याची किंमत आधीच उतरलेली असते. पण चवल्यापावल्यांची किंवा रुपयांची अख्खी माळ, तिच्या गोफासकट आणि जुन्या कड्यांसकट, दागिना म्हणून वेगळी मोलाची आहे. माळेतल्या नाण्यांची साले लिहून घ्या. सर्वांत नव्या नाण्याचे साल पाहिले की माळ त्यानंतर कधीतरी घडवलेली आहे हे कळते. घराण्याचा एवढा पक्का पुरावा दुसरीकडे क्वचित मिळतो.

ढिगात चारमिनारचे चित्र असलेला रुपया निघाला. तो ब्रिटिश आहे का?

तो निजामाचा हाली सिक्का. सोलापुरात तो निघणारच, कारण आपला जिल्हा ब्रिटिश मुलखात आणि पलीकडे नळदुर्ग, तुळजापूर निजामाच्या राज्यात. भवानीच्या दर्शनाला जाणाऱ्याला वाटेत चलन बदलावे लागे. ब्रिटिश रुपयाला कलदार म्हणत आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा साधारण दर होता. हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, त्यामुळे तो हातात जरा हलका लागतो. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असते. 'मीम' असेल तर मीर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान. हे रुपये कलदारांच्या ढिगात मिसळू नका, वेगळे ठेवा. सरहद्दीच्या या गावात दोन्ही चलने एकाच घरात सापडणे हा सोलापूरचाच इतिहास आहे.

पोर्तुगीज अक्षरांचा रुपया निघाला तर तो गोव्याचा. लुईश राजाचे चित्र असलेला १८८१ आणि १८८२ चा रुपया वजनाने आणि कसाने हुबेहूब कलदारासारखा आहे. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि त्यानुसार गोव्याची नाणी ब्रिटिशांच्याच टाकसाळीत पाडली गेली. आपल्याकडे तो कमी सापडतो. सापडला तर जपा.

डुक्कर रुपया म्हणजे काय?

पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया. राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत हत्ती आहे, पण त्या वर्षीच्या साच्यात सोंड इतकी तोकडी आली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, सरकारने पुढचे वितरण थांबवले आणि बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली. १९१२ पासून हत्तीची सोंड लांब दिसते. १९११ चा रुपया त्यामुळे इतर जॉर्ज रुपयांपेक्षा कमी मिळतो आणि चांदीच्या भावाहून बराच वर जातो. १९११ ची अधेली आणि पावलीसुद्धा याच साच्याची असते, तीही बघून ठेवा.

सोलापूरच्या मार्शल लॉच्या वर्षाचा, १९३० चा रुपया मला हवा आहे. कुठे मिळेल?

मिळणार नाही, कारण तो नाही. १९२२ नंतर बरीच वर्षे चलनासाठी रुपया पाडलाच गेला नाही. पुढचा रुपया थेट सहाव्या जॉर्जचा, १९३८ चा. पहिल्या महायुद्धात रुपयांची मागणी इतकी वाढली होती, की १९१८ मध्ये अमेरिकेने आपल्या तिजोरीतली वीस कोटी औंसांहून जास्त चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली. १९१६ ते १९२० या सालांचे रुपये अमाप निघाले. आज घरोघरी सापडतात ते बहुतेक तेच. त्यानंतर नव्या रुपयांची गरज राहिली नाही.

१९३० ची अधेली आणि पावली मात्र आहे. मे १९३० मध्ये या शहराने लष्करी कायदा सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. ज्या राजाच्या नावाने ती शिक्षा झाली, त्याच राजाचे त्याच वर्षाचे नाणे सोलापूरकराच्या संग्रहात असावे असे मला मनापासून वाटते.

मग कोणती साले खरोखर कमी मिळतात?

१९३९ मुंबई आणि १९११ सांगितलेच. १८९३ च्या जूनमध्ये सरकारने टाकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे १८९४ ते १८९८ ची नाणी तुलनेने कमी दिसतात. १९२२ चा मुंबईचा रुपयाही नेहमीच्या ढिगात येत नाही. बाकी सालांमध्ये प्रत महत्त्वाची. झिजलेला १९१८ चा रुपया चांदीच्या भावाचा, आणि टाकसाळीतून निघाल्यासारखा कोरा करकरीत १९१८ त्याहून कितीतरी जास्त.

सोलापुरात नाणी कुठे मिळतील?

सराफ बाजारात, मोड घेणाऱ्यांकडे. शांत दुपारी जा, सणाच्या गर्दीत नको. 'मोडीत आलेली जुनी नाणी वितळवण्याआधी दाखवाल का, चांदीच्या भावावर थोडे जास्त देईन' एवढे सरळ सांगा. ओळखीच्या सराफाला यात तोटा काहीच नाही आणि एक-दोन महिन्यांत तो स्वतःच निरोप पाठवतो. भाव त्या दिवशीचा द्या, घासाघीस करून त्याला कंटाळा आणू नका. गड्ड्याच्या यात्रेत पाटीवर मांडलेली नाणी पाहायला मौज येते, पण तिथे भिंग आणि चुंबक खिशात ठेवूनच जा.

पाहायला आणि शिकायला मुंबईला फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे मॉनिटरी म्युझियम आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. पंढरपूर-त्र्यंबकेश्वर करणाऱ्यांना तर ती वाटेवरच पडते.

हे सगळे कायदेशीर आहे ना?

घरची नाणी जवळ ठेवणे, जमवणे, यात काहीही गैर नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषात मोडते आणि ते परदेशात नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला राणीछाप रुपया भेट द्यायचा तर तो त्याने इथे येऊन पाहावा. अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो, म्हणून दुकानदाराकडून घेताना पावती मागा.

वाडा पाडताना भिंतीत किंवा शेत नांगरताना हंडा निघाला तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, लपवणे हा गुन्हा. लोक घाबरून रातोरात वितळवून टाकतात. त्यात सापडणाऱ्याचा हक्कही जातो, कारण बेवारस ठरलेल्या ठेव्यात कायदा त्याला वाटा देतो, आणि कोणती नाणी एकत्र पुरली होती ही माहितीही कायमची जाते.

सुरुवात कुठून करू? आणि ठेवू कशी?

राजागणिक एकेक रुपया जमवा. विल्यम, व्हिक्टोरियाचे तीन (१८४० चा, 'क्वीन' आणि 'एम्प्रेस'), एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहाव्या जॉर्जचा एक पूर्ण कसाचा आणि एक निम्म्या कसाचा. एवढ्यात एकशे दहा वर्षे येतात. हात आखडता असेल तर चवल्या जमवा. खर्च कमी आणि कोरीवकाम तेवढेच सुरेख.

ठेवताना नाणे काठाला धरा, चेहऱ्यावर बोट नको. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट द्रव सुटतो, तो चांदीला खातो. मायलरच्या कडक पारदर्शक खिडक्यांचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद जवळही नको, दोन्ही चांदी काळी करतात. आपल्याकडची कोरडी हवा चांदीला मानवते, पावसाळ्याचे दोन-तीन महिने तेवढी डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

मी गेल्यावर मुलांना यातले काही कळणार नाही. काय करू?

वही करा. प्रत्येक नाण्याला क्रमांक, साल, टाकसाळ, वजन, कुणाकडून आले आणि काय दिले. घरातूनच आलेले असेल तर कुणाच्या ट्रंकेतले, हेही लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून वहीत चिकटवा. वाटणी करायची वेळ आली तर नगांवर करू नका, कारण वीस साधे जॉर्ज आणि एक १९३९ यांची बरोबरी होत नाही. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: घासू नये, मोडीत देण्याआधी जाणकाराला दाखवावे.